गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ : या संख्येचे वर्गीकरण कसे करावे?

प्रश्न – आबोली, डिचोली

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. चवथीच्या सुट्टीआधी नववीच्या मुलांना मी एक उपक्रम दिला होता. प्रत्येक गटाने आपल्या जिव्हाळ्याची एक मोठी पूर्ण संख्या निवडायची आणि तिच्याविषयी गणिताला जे काही सांगता येते ते वहीत मांडायचे. पाच मुलींच्या एका गटाने गोव्याची लोकसंख्या घेतली. २०११ च्या जनगणनेत ती १४,५८,५४५ भरली होती, त्यांपैकी पुरुष ७,३९,१४० आणि स्त्रिया ७,१९,४०५. २०२१ ची जनगणना पुढे गेल्यामुळे मुलींच्या लहानपणापासून पाठ्यपुस्तकांत आणि स्पर्धांच्या प्रश्नपत्रिकांत हाच आकडा येत राहिला आहे, म्हणून तो त्यांना आपला वाटतो.

माझ्या दोन अडचणी आहेत. पहिली अडचण माझ्याच सांगण्यातून उभी राहिली. या संख्येला चारने भागले की बाकी १ उरते, आणि चारने भागून १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते हे मला पाठ होते. त्या भरात मी मुलींना सांगितले की ही संख्यादेखील दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात लिहिता आली पाहिजे, तुम्ही ते वर्ग शोधा. त्यांनी १ पासून ८५३ पर्यंतच्या संख्या आपसांत वाटून घेतल्या, कारण दोन वर्गांपैकी लहान वर्ग त्यापुढच्या संख्येचा असूच शकत नाही. मग दोन संध्याकाळी गणकयंत्र घेऊन त्या एकेक वर्ग वजा करत बसल्या. एकदाही पूर्ण वर्ग मिळाला नाही. मोजणीत चूक झाली असेल म्हणून त्यांनी वह्यांची अदलाबदल करून पुन्हा तपासले, तरीही नाहीच. आता माझे काय चुकले ते मला त्यांच्यापुढे नीट मांडायचे आहे.

दुसरी अडचण अशी की एका मुलीने संगणकावरून या संख्येला लागू पडणाऱ्या आणि न पडणाऱ्या विशेषणांची लांबलचक यादी आणली आहे: वर्गमुक्त (१ सोडून कोणत्याही वर्गाने भाग न जाणारी) आहे, न्यून (स्वतः सोडून बाकी विभाजकांची बेरीज तिच्याहून कमी असलेली) आहे, हर्षद नाही, स्वयंभू नाही, सुखी नाही. यांतली कोणती विशेषणे खरोखर संख्येची आहेत आणि कोणती केवळ तिच्या लिहिण्याच्या पद्धतीची आहेत, हे मुलांना कसे समजावावे? आणि यंत्राशिवाय, फळ्यावर, या संख्येचे मूळ अवयव पाडता येतील का?

उत्तर – मांडवीकाठ, पणजी

आबोलीताई, तुमच्या मुलींनी केलेले काम वाया गेलेले नाही. ८५३ वेळा तपासून मिळालेला नकार हा गणितात भक्कम पुरावाच असतो, त्यात फक्त कारण सांगितलेले नसते. ते कारण मूळ अवयवांत आहे, म्हणून आधी अवयव पाडू.

शेवटी ५ आहे, तेव्हा पाचने भाग जातो हे दिसतेच. पुढची कसोटी मला विशेष आवडते. आपण स्वल्पविराम लाख-हजारांचे देतो, पण इथे ते बाजूला ठेवून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करावेत. आमच्या घरातल्या जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत आकडे तसेच लिहिलेले आढळतात. गट पडतात १, ४५८ आणि ५४५. आता एकाआड एक अधिक-वजा करावे: ५४५ – ४५८ + १ = ८८. ७, ११ आणि १३ यांचा गुणाकार १००१ होतो, त्यामुळे या एकाच ८८ वरून तिन्ही संख्यांचा निकाल लागतो. ८८ ला अकराने भाग जातो, सातने आणि तेराने जात नाही. आपल्या १४,५८,५४५ या संख्येचेही तसेच.

५ आणि ११ काढून टाकल्यावर २६,५१९ उरतात. याचे वर्गमूळ १६२ च्या थोडे पुढे आहे, म्हणजे फार तर १६२ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहायचे. फार दूर जावे लागत नाही, तेविसाने भाग जातो आणि ११५३ उरतात. ११५३ ला ३१ पर्यंतच्या कोणत्याही मूळ संख्येने भाग जात नाही, म्हणून ती स्वतःच मूळ. अशा रीतीने

१४,५८,५४५ = ५ × ११ × २३ × ११५३.

हे सगळे एका तासिकेत फळ्यावर होते. आधी अवयव न पाडता ही संख्या मूळ आहे की संयुक्त एवढेच आंधळेपणाने तपासायचे ठरवले असते, तर १२०७ पर्यंतच्या १९७ मूळ संख्या हाताशी ठेवाव्या लागल्या असत्या.

आता दोन वर्गांच्या बेरजेकडे येतो. तुम्हाला पाठ असलेला नियम खरा आहे, पण तो मूळ संख्यांचा आहे. फेर्मा या फ्रेंच गणितीने तो १६४० मध्ये मेर्सेन या विद्वानाला लिहिलेल्या पत्रात मांडला आणि अठराव्या शतकात ऑयलरने सिद्ध केला. संयुक्त संख्येसाठी अट वेगळी आहे: चारने भागून ३ उरणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा आला पाहिजे. आपल्या संख्येत ११ आणि २३ हे दोन्ही तसले अवयव आहेत आणि दोन्ही एकेकदाच आले आहेत. त्यांचा गुणाकार २५३ मात्र चारने भागल्यावर १ उरतो, कारण ३ × ३ = ९. दोघांनी एकमेकांची खूण पुसून टाकली आहे आणि वरवर पाहणाऱ्याला संख्या निर्दोष दिसते. तुमची फसगत इथे झाली.

नियमाचे नाव न घेताही हे नववीच्या वर्गात सिद्ध करता येते, आणि ते तसेच करावे असा माझा आग्रह आहे. कोणत्याही वर्गाला अकराने भागले तर बाकी ०, १, ३, ४, ५ किंवा ९ यांपैकीच उरते. मुलांना १ ते १० चे वर्ग करून हे स्वतः पाहू द्या. दोन वर्गांच्या बेरजेला अकराने भाग जायचा असेल तर दोन बाक्यांची बेरीज ० किंवा ११ व्हायला हवी. १ ला १० हवेत, ३ ला ८, ४ ला ७, ५ ला ६, ९ ला २. आणि १०, ८, ७, ६, २ यांपैकी एकही बाकी यादीत नाही. उरतो एकच मार्ग, दोन्ही बाक्या शून्य. म्हणजे दोन्ही संख्यांना अकराने भाग जातो, मग त्यांच्या वर्गांना १२१ ने जातो आणि बेरजेलाही १२१ ने जायलाच हवा. पण १४,५८,५४५ ÷ ११ = १,३२,५९५, आणि त्याला पुन्हा अकराने भागले की १ उरतो. शोध इथेच संपतो, ८५३ पैकी एकाही संख्येला हात न लावता.

मुलींना रिकाम्या हाताने पाठवू नका. दोन वर्ग पुरत नसले तरी तीन पुरतात. लजांद्रने १७९८ मध्ये दिलेल्या प्रमेयाप्रमाणे, आठने भागून ७ उरणाऱ्या संख्या आणि त्यांना चारने, सोळाने असे गुणत मिळणाऱ्या संख्या वगळल्या, तर प्रत्येक पूर्ण संख्या तीन वर्गांची बेरीज असते. आपल्या संख्येची आठने भागल्यावरची बाकी १ आहे. प्रत्यक्ष वर्गही फार शोधावे लागत नाहीत: १२०७² + ३६² + २०² = १४,५६,८४९ + १,२९६ + ४०० = १४,५८,५४५.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर माझे मत असे की दहा अंकांच्या लेखनपद्धतीवर अवलंबून असलेली विशेषणे सरळ खोडून टाकावीत. वर्गमुक्त, न्यून, संयुक्त ही संख्येची. हर्षद, स्वयंभू, सुखी ही लेखनाची.

उत्तर – कुळागर, फोंडा

मांडवीकाठ यांनी अवयव पाडण्याची जी रीत दिली ती नेहमीसाठी योग्यच आहे. या संख्येपुरता मात्र आणखी एक रस्ता आहे आणि तो इतका आखूड आहे की मी काल रात्री तो सापडल्यावर पुन्हा पुन्हा पडताळून पाहिला.

फेर्माची एक जुनी युक्ती आहे. विषम संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात लिहिता आली की तिचे अवयव आपोआप मिळतात, कारण अ² – ब² = (अ – ब)(अ + ब). म्हणून संख्येच्या वर्गमूळाच्या लगेच वरच्या पूर्णांकापासून सुरुवात करायची, त्याच्या वर्गातून संख्या वजा करायची आणि उरलेले पूर्ण वर्ग आहे का ते पाहायचे. नसेल तर एकाने पुढे जायचे. १६४३ च्या सुमारास त्याने २,०२,७६,५१,२८१ या संख्येचे ४४,०२१ आणि ४६,०६१ हे अवयव याच रीतीने पाडून दाखवले होते.

आपल्या संख्येचे वर्गमूळ १२०७ आणि १२०८ यांच्या मध्ये आहे. १२०८² = १४,५९,२६४. त्यातून संख्या वजा केली की ७१९ उरतात. २६ चा वर्ग ६७६ आणि २७ चा ७२९, म्हणजे ७१९ वर्ग नाही. पुढची पायरी १२०९² = १४,६१,६८१, आणि वजाबाकी ३,१३६. हा छप्पनचा वर्ग आहे! दुसऱ्याच पायरीवर काम झाले:

१४,५८,५४५ = १२०९² – ५६² = ११५३ × १२६५.

१२६५ चे ५ × ११ × २३ हे अवयव तोंडी पडतात. मुलींनी वर्गांची बेरीज शोधली तिथे वर्गांची वजाबाकी शोधली असती तर दोन संध्याकाळी कशाला, दोन मिनिटे पुरली असती. आबोलीताई, हे वर्गात नक्की सांगा, कारण त्यांनी वापरलेली हत्यारे बरोबर होती, फक्त चिन्ह उलटे होते.

तरीही मुलांनी ही युक्ती सर्वत्र चालेल असे समजू नये. ती इथे चालली याचे कारण ११५३ आणि १२६५ हे अवयव एकमेकांपासून केवळ ११२ च्या अंतरावर आहेत. त्याच जनगणनेतला स्त्रियांचा आकडा घ्या. ७,१९,४०५ = ५ × १,४३,८८१, आणि १,४३,८८१ ही मूळ संख्या आहे. इथे फेर्माच्या रीतीने गेलो तर ८४९ पासून निघून ७१,९४३ पर्यंत, एकूण ७१,०९५ पायऱ्या चढाव्या लागतील, आणि हाती काय येईल तर पाच, जो शेवटच्या अंकावरून आधीच दिसत होता. दोन्ही आकडे शेजारी मांडले की कोणती रीत कधी वापरावी हे मुले स्वतःच सांगू लागतील. आजच्या संकेतलेखनात दोन प्रचंड मूळ संख्या निवडताना त्या एकमेकींच्या फार जवळ नसाव्यात अशी काळजी घेतात, तीही याच युक्तीच्या भीतीने.

उत्तर – माटोळी, म्हापसा

मी संगणकशास्त्र शिकलो असल्यामुळे लेखनपद्धती हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्यामुळे मांडवीकाठ सरांच्या शेवटच्या वाक्याशी मी आदरपूर्वक असहमत आहे. हर्षद आणि स्वयंभू ही विशेषणे संख्येची एकटीची नव्हेत हे खरे, पण म्हणून ती खोडून टाकण्याजोगी ठरत नाहीत. ती संख्या आणि आधार (लेखनात एकूण किती अंकचिन्हे वापरायची ती संख्या, नेहमीच्या लेखनात दहा) या दोघांच्या नात्याची विशेषणे आहेत आणि तशीच ती शिकवावीत. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांनी आयुष्यभर याच नात्याचा अभ्यास केला. ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे जग त्यांना ओळखते, पण हर्षद आणि स्वयंभू ही नावेही त्यांचीच आहेत. ती मराठी मुलांपर्यंत मराठीतूनच पोहोचली नाहीत तर मला वाईट वाटेल.

अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला निःशेष भाग जातो ती हर्षद. आपल्या संख्येतील अंकांची बेरीज १ + ४ + ५ + ८ + ५ + ४ + ५ = ३२. संख्या विषम आहे, म्हणून तिला ३२ ने भाग जाणार नाही आणि ती हर्षद नाही. आता हीच संख्या दहाऐवजी सातच्या आधाराने लिहू. पुन्हा पुन्हा सातने भागत बाक्या मांडल्या की १५२५३२१४ असे लेखन मिळते. या अंकांची बेरीज २३. आणि २३ हा तर आपल्या संख्येचा मूळ अवयव आहे! म्हणजे सातच्या आधारात लिहिलेली १४,५८,५४५ ही हर्षद आहे. माणसे तेवढीच आणि संख्याही तीच, बदलले ते फक्त लेखन. संख्येचा गुण आणि लेखनाचा गुण यांतला फरक मुलांना समजावायला याहून चांगले उदाहरण मला तरी सापडले नाही, आणि हर्षद हा शब्द खोडला असता तर ते मिळालेच नसते.

स्वयंभूविषयी थोडे विस्ताराने लिहितो. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. जुनी संख्या ही नवीची जनक. जिला असा जनकच नाही ती स्वयंभू. आपल्या संख्येचा जनक आहे: १४,५८,५२० च्या अंकांची बेरीज २५ होते आणि १४,५८,५२० + २५ = १४,५८,५४५. शोधताना नऊची बाकी उपयोगी पडते. संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांची नऊने भागल्यावरची बाकी सारखीच असते, त्यामुळे जनकाची बाकी इथे ७ च असायला हवी आणि तपासायला जेमतेम पाच संख्या उरतात. त्यांतली ही एकच जुळते.

मग मी त्या जनकाचा जनक शोधला, आणि त्याचाही. १४,५८,४८५; १४,५८,४५४; १४,५८,४२५; १४,५८,३८८; १४,५८,३५६; १४,५८,३३१. इथवर प्रत्येक पायरीला एकच जनक मिळत गेला. १४,५८,३३१ ला मात्र दोन निघाले: १४,५८,३०५ + २६ आणि १४,५८,२९६ + ३५. अशी दोन जनकांची सर्वांत लहान संख्या १०१ आहे, कारण ९१ + १० आणि १०० + १ या दोन्ही वाटांनी तिथे पोहोचता येते. हा वंशवृक्ष मुलांना मागे मागे नेऊ द्या. त्यात बेरजेखेरीज काही लागत नाही, आणि कुठली फांदी स्वयंभू संख्येपाशी थांबते हे पाहण्यात गणिताच्या तासाला मागे राहणारी मुलेही रमतात.

सुखी संख्येविषयी थोडक्यात सांगतो. अंकांच्या वर्गांची बेरीज करत गेले आणि शेवटी १ आला तर ती संख्या सुखी. इथे १७२, ५४, ४१, १७, ५०, २५, २९, ८५, ८९ असा प्रवास होतो आणि ८९ पासून पुढचा फेरा फिरून ८९ वरच येतो. यादीतले ‘नाही’ बरोबर आहे.

पुन्हा आबोली, डिचोली

सर्वांचे मनापासून आभार. आज तासिकेत मी आधी माझी चूक सांगितली आणि मग अकराच्या बाक्यांचा तक्ता मुलींनाच करायला लावला. १०, ८, ७, ६, २ यांपैकी एकही यादीत नाही असे ज्या क्षणी त्यांच्या लक्षात आले, त्या क्षणी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, म्हणजे आम्ही चुकलोच नव्हतो.” दोन संध्याकाळी तिने सर्वांत जास्त वजाबाक्या केल्या होत्या. कुळागर यांची दुसरी पायरीही त्यांनीच फळ्यावर केली. ३,१३६ हा छप्पनचा वर्ग हे वर्गातल्या तिघांना तोंडपाठ होते.

मांडवीकाठ सर आणि माटोळी यांच्या मतभेदात मी माटोळी यांच्या बाजूने झुकले आहे. वहीत आता दोन स्तंभ आहेत: पहिला ‘कोणत्याही आधारात’ आणि दुसरा ‘दहाच्या आधारात’.

एक प्रश्न उरतो. ‘न्यून’ तपासताना मुलींनी सर्व विभाजकांची बेरीज केली. संख्येचे १६ विभाजक आहेत आणि त्यांची बेरीज ६ × १२ × २४ × ११५४ = १९,९४,११२ येते. संख्या स्वतः वगळली तर ५,३५,५६७ उरतात, संख्येहून पुष्कळ कमी, म्हणून ती न्यून. पण ६ × १२ × २४ म्हणजे १७२८, नेमका बाराचा घन, हे पाहून त्या विचारतात की हा योगायोग का?

उत्तर – कुळागर, फोंडा

अर्धा योगायोग आहे, अर्धा नाही. ५, ११ आणि २३ नीट पाहा. पाचाची दुप्पट अधिक एक म्हणजे ११, आणि अकराची दुप्पट अधिक एक म्हणजे २३. ज्या मूळ संख्येची दुप्पट अधिक एकही मूळ असते तिला सोफी जेर्मेन या फ्रेंच गणितीच्या नावाने ओळखतात, आणि अशा ओळीने येणाऱ्या मूळ संख्यांना कनिंगहॅम साखळी म्हणतात. ही साखळी २ पासून सुरू होते: २, ५, ११, २३, ४७. पुढची कडी ९५ मूळ नाही, म्हणून ती तिथे तुटते. सहा कड्यांची पहिली साखळी ८९ पासून निघते: ८९, १७९, ३५९, ७१९, १४३९, २८७९.

प्रत्येक कडी आधीच्या कडीच्या दुपटीहून एकाने मोठी असेल, तर तिच्यात एक मिळवल्यावर येणारी संख्या आधीच्या अशा संख्येची नेमकी दुप्पट होते. मूळ अवयव एकेकदाच आलेला असला की विभाजकांच्या बेरजेत तो ‘अवयव अधिक एक’ याच रूपात येतो. म्हणून ६, १२, २४ ही दुपटीची ओळ मिळते, आणि अशा तीन संख्यांचा गुणाकार मधल्या संख्येचा घन असतो. साखळीतल्या कोणत्याही सलग तीन कड्या घेतल्या तरी हे घडेल. ११, २३, ४७ घेऊन १२ × २४ × ४८ करून पाहायला सांगा, २४ चा घन १३,८२४ येईल. १ मार्च २०११ रोजी गोव्यात मोजल्या गेलेल्या माणसांच्या संख्येत या तीन कड्या एकत्र आल्या, तेवढा भाग योगायोगाचा.